चिंध्यांचा कागद आणि त्याचें गिऱ्हाईक

पुण्याच्या पेशवे दफ्तरांत मोडी कागदांचे हजारों रुमाल ठेवलेले आहेत. रुमाल म्हणजे कापडांत बांधलेला कागदांचा गठ्ठा. या दफ्तरांतील निवडक कागद रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं ४५ भागांत संपादिले आणि १९३० पासूनच्या चार-पांच वर्षांत ते प्रसिद्ध झाले, हें आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. त्या कागदांवर काय लिहिलें आहे याचा ऊहापोह इतिहासज्ञ करीत आलेच आहेत. मला आज त्या लिखाणाविषयीं बोलावयाचें नाहीं. तें लिखाण ज्याच्या अंगावर उमटलें त्या कागदाविषयीं बोलावयाचें आहे.

त्या काळचा देशी कागद कशाचा होत असे? फाटक्या गोणपाटाचा, झिजलेल्या दोरखंडांचा, जुन्या चिंध्यांचा आणि एकदां लिहून निरुपयोगी झालेल्या रद्दीचा. एका घरानें जें उकिरड्यावर टाकलें त्याचाच दुसऱ्या घरानें कागद केला, आणि तशा कागदांवर राज्याचे हिशेब, इनामांच्या सनदा आणि छावण्यांतून धाडलेलीं पत्रें लिहिलीं गेलीं. दोन-अडीच शतकें लोटलीं, तरी त्यांतील कितीतरी कागद आजही घडी उलगडून वाचतां येतात.

आज आपल्या शहरांतून टाकाऊ वस्तूंचा उपयोगी माल बनविणारीं मंडळें निघालीं आहेत. कोणी जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या करतात, कोणी शिंप्याकडील कातरणांच्या गोधड्या शिवतात, कोणी त्याच कातरणांचा कागद करतात. त्यांना साह्य करावें असें अनेकांना मनापासून वाटतें. परंतु साह्य म्हणजे नेमकें काय करावयाचें? बहुधा आपण त्यांना एखादी नवी कला शिकवितों, एखादें यंत्र देतों, आणि आपलें कर्तव्य झालें असें मानतों. कागदाचा इतिहास निराळी गोष्ट सांगतो. या धंद्यांत हात कधीं कमी पडले नाहींत आणि चिंध्याही कधीं कमी पडल्या नाहींत. कमी पडलें तें गिऱ्हाईक. हा इतिहास आज आपल्यापुढें थोडक्यांत मांडावा असा माझा विचार आहे.

चिंध्यांपासून कागद करण्याची युक्ति मूळची चीनची. इसवी सन १०५ च्या सुमारास त्साय लुन नांवाच्या दरबारी अधिकाऱ्यानें झाडाची साल, भांगेचे तंतु, चिंध्या आणि मासे धरण्याचीं जुनीं जाळीं यांचा कागद करवून बादशहापुढें ठेवला, असें चिनी इतिहास सांगतात. म्हणजे कागदाच्या जन्माच्या वेळींच टाकलेल्या वस्तु त्याच्या उशाशीं होत्या. आठव्या शतकांत ही विद्या समरकंदास पोंचली. पंधराव्या शतकांत काश्मीरचा सुलतान झैन-उल्-आबिदीन यानें तिकडील कारागीर आपल्या राज्यांत आणविले. दक्षिणेंत दौलताबादेजवळचा कागजीपुरा हें या कारागिरांचें जुनें ठिकाण होय. महंमद तुघलकानें १३२७ मध्यें आपली राजधानी देवगिरीस हलविली तेव्हां उत्तरेकडून आलेल्या लोकांबरोबर ही कला इकडे आली, असें तेथील परंपरा मानते. पुणें जिल्ह्यांत कुकडी नदीच्या कांठचें जुन्नर हें दुसरें मोठें केंद्र. खुद्द पुणें शहराच्या कसबा पेठेंत कागदीपुरा हें नांव आजही ऐकूं येतें. हा धंदा करणारे बहुतेक कारागीर मुसलमान होते, आणि धंद्यावरूनच त्यांना कागदी किंवा कागजी हें नांव पडलें.

जुन्नरच्या कागदाच्या धंद्याची हकीकत १८८५ सालीं निघालेल्या पुणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत आली आहे. या देशी पद्धतीचा क्रम साधारणपणें असा होता. प्रथम गोणपाटाचे बारीक तुकडे करावयाचे, ते चुन्याच्या पाण्यांत भिजत घालावयाचे, पायानें चालणाऱ्या जड लांकडी मुसळाखालीं म्हणजे ढेकीखालीं कुटावयाचे, आणि नदीवर नेऊन धुवावयाचे. एकदां धुवून भागत नसे. भिजविणें, कुटणें आणि धुणें हा फेरा पुन्हां पुन्हां करावा लागे, तेव्हां कोठें मळ जाऊन पांढुरका लगदा हातीं येई. मग तो लगदा पाण्याच्या हौदांत कालवून, काड्यांची बारीक चटई ताणलेला सांचा त्यांत बुडवावयाचा आणि अलगद वर उचलावयाचा. हौदाच्या कांठीं बसणाऱ्या कारागिराची सारी विद्या त्या एका उचलण्यांत असे. हात किंचित् कलला कीं ताव एकीकडे जाड आणि दुसरीकडे विरळ व्हावयाचा. ओले ताव एकावर एक रचून, दाबून पाणी काढावयाचें. गुळगुळीत भिंतीवर कुंच्यानें बसवून ते वाळवावयाचे. त्यांस खळ लावावयाची. आणि शेवटीं गुळगुळीत दगडानें एकेक ताव घोटावयाचा. जुन्या माणसांच्या तोंडीं ‘घोटीव कागद’ असा शब्द असे, तो या शेवटच्या कृतीवरून.

ही खळ आणि ही घोटणी केवळ शोभेसाठीं नव्हती. बोरूनें लिहावयाचें तर शाई फुटतां कामा नये आणि लेखणी अडतां कामा नये. भरभर मोडी लिहिणाऱ्या कारकुनाला अडखळणारा कागद घेऊन काय करावयाचें? म्हणून हौदापाशीं बसलेल्या कारागिराच्या डोळ्यांपुढें दूरच्या कचेरींतील कारकुनाचा हात असे. विक्रीचें मापही ठरलेलें असे. चोवीस तावांचा एक दस्ता आणि वीस दस्त्यांचें एक रीम, हा हिशेब मागणाऱ्याला आणि देणाऱ्याला सारखाच ठाऊक होता. आणि जुन्नरी, दौलताबादी हीं गांवांवरून पडलेलीं नांवें हीच त्या मालाची मुद्रा होती. आजच्या व्यापारी भाषेंत ज्याला मालाची बांधणी, प्रतवारी आणि छाप म्हणतात, तें सारें या धंद्यांत होतें. फक्त त्याला निराळीं नांवें नव्हतीं. गोणपाटाचा हा माल आहे म्हणून तो कोणी हलका मानला नाहीं, कारण मूळ वस्तु कोठून आली हें विचारण्याची घेणाऱ्याला गरजच पडत नसे. त्याच्या कामाला तो कागद उतरत होता, एवढें त्याला पुरे होतें.

आतां हा धंदा बसला कसा तें पाहूं. १८१८ मध्यें पेशवाई गेली आणि कागदाचें एक मोठें घर उठलें. तेवढ्यानें धंदा एकदम बुडाला नाहीं. नव्या अमदानींतही मोडी लिहिणारे कारकून होते आणि त्यांना देशी कागद लागत होता. परंतु दोन बाजूंनीं पाणी चढूं लागलें. युरोपांतही तोंवर कागद चिंध्यांचाच होत असे आणि छापखाने वाढल्यामुळें तेथें चिंध्यांची टंचाई पडली होती. १८४४ च्या सुमारास केलर नांवाच्या जर्मन माणसानें लांकूड घासून त्याचा लगदा करण्याची रीत काढली, आणि पुढील तीस-चाळीस वर्षांत लांकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद जगभर पसरला. हा स्वस्त कागद लवकर पिंवळा पडे आणि ठिसूळ होई, हें खरें. पण त्याचे ताव एकसारखे असत, आणि छापखान्याला तेंच हवें होतें.

दुसरा आघात सरकारी हुकुमाचा. सर चार्ल्स वुड हे १८५९ ते १८६६ या काळांत भारतमंत्री होते. त्यांच्या कारकीर्दींत, हिंदुस्थान सरकारला लागणारा माल विलायतेंत खरेदी करावा असा हुकूम सुटला, आणि त्यामुळें येथील वाढत्या कागदधंद्याची फार पीछेहाट झाली, असें सर जॉर्ज वॅट यांनीं आपल्या १९०८ सालच्या व्यापारी वस्तूंवरील ग्रंथांत नमूद केलें आहे. वॅट हे कांहीं सरकारचे विरोधक नव्हते. ते सरकारचेच अधिकारी होते. या हुकुमानें कोणाचा हौद फोडला नाहीं, कोणाचा सांचा जप्त केला नाहीं, कीं कोणाला धंदा सोड म्हणून सांगितलें नाहीं. फक्त सर्वांत मोठें गिऱ्हाईक उठून दुसऱ्या दुकानीं गेलें. पुढें देशांतच गिरण्या निघाल्या; लखनौस १८७९ मध्यें, टिटाघर येथें १८८२ मध्यें, आणि पुण्याजवळ मुंढव्याच्या डेक्कन पेपर मिल्सची कंपनी १८८५ मध्यें. शिवाय तुरुंगांतून कैद्यांकडूनही कागद करवून घेतला जात असे, आणि कैद्याच्या मजुरीशीं घरच्या कारागिरानें काय म्हणून स्पर्धा करावी?

परंतु सगळा दोष परक्यांवर टाकून मोकळें होणें इतिहासाला धरून होणार नाहीं. लेखणीच बदलली होती. बोरू जाऊन पोलादी टांक आला, पाठोपाठ छापखाना घरोघरच्या व्यवहारांत शिरला, आणि कचेऱ्यांत टाइपरायटर येऊन बसला. या तिघांना हवा असलेला कागद निराळा होता. कारागीर मात्र बापाजाद्यांनीं शिकविला तसाच बोरूचा कागद घोटीत राहिला. त्याला हें कळविणारें कोणी नव्हतें. पूर्वीं दफ्तराचा कारकून आणि तो यांच्यामध्यें फार तर एक व्यापारी होता. आतां गिऱ्हाईक काय मागतें हें त्याच्या कानांपर्यंत येण्याची वाटच बंद झाली. उरल्या त्या पेढ्यांवरच्या चोपड्या आणि जन्मपत्रिका. तेवढ्यावर गांवच्या गांव कसा जगावा?

यानंतरचा अंक वर्ध्यास घडला. डिसेंबर १९३४ मध्यें गांधीजींच्या पुढाकारानें अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनीं आपला बाग-बंगला संघाला दिला आणि मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ त्या जागेला मगनवाडी हें नांव मिळालें. रवींद्रनाथ ठाकूर, जगदीशचंद्र बोस, प्रफुल्लचंद्र राय आणि चंद्रशेखर व्यंकट रामन् यांच्यासारखीं नांवें संघाच्या सल्लागारांत होतीं. चिटणीस होते जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा. कुमारप्पा हे अमेरिकेंत अर्थशास्त्र शिकलेले. पण त्याआधीं त्यांनीं मुंबईंत हिशेबतपासनिसाचा व्यवसाय केला होता, ही गोष्ट माझ्या मतें अधिक महत्त्वाची. ज्यानें पेढ्यांच्या वह्या तपासल्या आहेत त्याला केवळ सदिच्छेवर दुकान चालत नाहीं हें सांगावें लागत नाहीं.

तेलघाणी, हातसडीचे तांदूळ, गूळ, मधमाशा, साबण यांच्या जोडीला हातकागद हाही मगनवाडीचा एक विषय झाला. येथें संघानें प्रथम काय केलें हें पाहण्यासारखें आहे. संघ स्वतःच गिऱ्हाईक झाला. त्याचीं प्रकाशनें हातकागदावर छापूं लागलीं, पत्रव्यवहार हातकागदावर होऊं लागला. गांधीजी स्वतः तर आलेल्या पाकिटांच्या पाठीवर मजकूर लिहीत, हें प्रसिद्धच आहे. के. बी. जोशी यांनीं कागदधंद्याचा अभ्यास करून त्यावर इंग्रजींत पुस्तक लिहिलें आणि तें संघानें प्रसिद्ध केलें. त्यामुळें आजवर बापानें मुलाला हातानें दाखविलेली विद्या प्रमाणांत आणि कोष्टकांत मांडली गेली. त्याच सुमारास डार्ड हंटर या अमेरिकन संशोधकानें हिंदुस्थानांतील हातकागदावर १९३९ मध्यें न्यूयॉर्कहून एक ग्रंथ काढला व त्यांत खऱ्या कागदाचे नमुनेच बांधले. आपल्या मालाचा नमुना ग्रंथांत बांधून साता समुद्रांपलीकडे ठेवण्याजोगा आहे, हें आपल्या कारागिराला सांगण्यास परक्या माणसाला यावें लागलें!

माल लोकांना दाखविण्याचें काम काँग्रेसच्या अधिवेशनांतील प्रदर्शनांनीं केलें. डिसेंबर १९३६ मध्यें खानदेशांतील फैजपूर येथें खेड्यांत भरलेलें पहिलें अधिवेशन झालें. तेथें खादी आणि ग्रामोद्योग यांचें प्रदर्शन होतें, आणि नंदलाल बोस यांनीं गांवांतच मिळणाऱ्या साहित्यानें त्या नगरीची सजावट केली होती. १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठीं नंदलालबाबूंनीं ग्रामजीवनाचीं जीं चित्रें काढलीं तीं हातकागदावर काढलीं. मला या गोष्टीचें मोल फार वाटतें. हातकागद घ्या असा उपदेश करणें निराळें, आणि एका थोर चित्रकारानें रंग भरून त्या कागदाचा गुण डोळ्यांपुढें ठेवणें निराळें.

याच ठिकाणीं एक कठीण प्रश्न उभा राहिला, आणि तो अजूनही सुटलेला नाहीं. खादीच्या क्षेत्रांत १९२५ पासून चरखा संघ काम करीत होता. त्याचीं भांडारें होतीं आणि खरी खादी कोणती हें सांगणारें प्रमाणपत्र होतें. १९३५ मध्यें, सूत कातणाऱ्या बाईला निदान पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, असें धोरण त्या संघानें स्वीकारलें. धोरण न्याय्य होतें; पण मजुरी वाढली कीं कापडाचा भाव वाढणार, हेंही उघड होतें. भाव कमी ठेवावा तर गरिबाच्या पोटावर पाय, आणि मजुरी वाढवावी तर गिऱ्हाईक पाठ फिरविणार! हातकागदापुढें हाच पेंच होता. देशप्रेमानें कागद घेणारे लोक होते, नाहीं असें नाहीं. परंतु देशप्रेमानें माणूस एक दस्ता घेतो. शाळेंतल्या मुलाच्या वह्या घेतांना तो भावच विचारतो.

या पेंचांतून बाहेर पडण्याची एक वाट पुण्यास काढण्यांत आली. १९४० मध्यें गांधीजींच्या प्रेरणेनें पुण्यांत हातकागद संस्था स्थापन झाली आणि के. बी. जोशी यांच्या परिश्रमांनीं ती वाढीस लागली. जो कागद गिरणी स्वस्तांत करूं शकते त्याच्या मागें हातानें धांवण्यांत अर्थ नव्हता. मग हाताचा कागद कोठें सरस ठरतो? कापसाच्या चिंध्यांचे तंतु लांब आणि चिवट. त्यांचा ताव ओल्या रंगानें फाटत नाहीं, घड्या घालून मोडत नाहीं, वर्षानुवर्षें टिकतो. तेव्हां चित्रकलेचा कागद, टिकाऊ दस्तऐवजांचा कागद, प्रयोगशाळेंतील गाळकागद, निमंत्रणपत्रिका आणि पाकिटें, हें त्याचें खरें क्षेत्र. येथें गिऱ्हाईक थोडें, पण जाणतें. आणि जाणतें गिऱ्हाईक गुणाची किंमत देतें. गोणपाटाच्या जागीं शिलाईच्या आणि होजिअरीच्या कारखान्यांतील सुती कातरणें आलीं. कच्चा माल टाकाऊ तो टाकाऊच राहिला. बदललें तें गिऱ्हाईक, आणि गिऱ्हाइकाबरोबर मालाचें रूप.

स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्यें खादी-ग्रामोद्योग मंडळ आणि १९५७ मध्यें आयोग स्थापन झाला. हातकागदाला सरकारी आश्रय आणि भांडारांतील फळी मिळाली. ज्या धंद्याला एका सरकारी हुकुमानें खालीं पाडलें त्याला दुसऱ्या सरकारच्या आधाराची गरज होती, याबद्दल वाद नको. तरीही आश्रयाचा एक दोष सांगितलाच पाहिजे. माल खपला काय आणि न खपला काय, आपलें चालतें अशी एकदां खात्री वाटूं लागली कीं गिऱ्हाइकाचें बोलणें पुन्हां ऐकूं येईनासें होतें. आणि जुना कागदी त्याच न ऐकण्यामुळें बुडाला होता.

यापुढची हकीकत महाराष्ट्राबाहेरची, पण आपण लक्ष देऊन ऐकावी अशी आहे. जयपूरजवळ सांगानेर येथें कागजी घराण्यांची जुनी वस्ती आहे. १९९० नंतरच्या दशकांत संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साह्यानें तेथें कुमारप्पांच्या नांवानें हातकागदाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. सांगानेरच्या कारागिरांनीं सुती कातरणांच्या लगद्यांत फुलांच्या पाकळ्या, गवत, रंगीत धागे मिसळून नाना तऱ्हेचे ताव काढले, आणि त्यांच्या रोजनिशा, डबे, पिशव्या, भेटवस्तूंचीं वेष्टनें करून तीं परदेशीं धाडलीं. जुना कागद लिहिण्यासाठीं होता; नवा कागद बांधण्यासाठीं आणि देण्याघेण्यासाठीं झाला. जो माल कशांत गुंडाळून विकावा हा प्रश्न होता, तो माल स्वतःच वेष्टन होऊन विकला जाऊं लागला.

आणि जुन्नर? जुन्नरच्या हौदांवरचा कागद विसाव्या शतकांत थांबला. तेथील कारागीर सांगानेरच्या कारागिरांहून कमी कुशल होते असें म्हणण्यास कांहीं आधार नाहीं. कुकडीचें पाणी आटलें नव्हतें, गोणपाटही संपलें नव्हतें. एका गांवाला बदललेल्या बाजाराशीं जोडणारा धागा मिळाला, दुसऱ्याला मिळाला नाहीं. पेशवे दफ्तरांतील रुमाल सोडतांना मला या गोष्टीची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. कागद राहिला, पण तो करणाऱ्यांची वाट मोडली.

श्रोतेहो, ही केवळ गेलेल्या काळाची कथा असती तर मी आपला वेळ घेतला नसता. चिंध्या आणि रद्दी गोळा करणारे हात आजही आपल्या दारावरून जातात. पुण्यांत १९९३ मध्यें डॉक्टर बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखालीं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. या संघटनेंत बहुसंख्या स्त्रियांची, आणि त्यांतही दलित समाजांतील स्त्रियांची होती. उकिरड्यावरून कागद, कांच आणि पत्रा वेंचून तो भंगाराच्या दुकानीं विकावयाचा, हें त्यांचें उपजीविकेचें साधन. संघटनेनें त्यांना महानगरपालिकेच्या मान्यतेचीं ओळखपत्रें मिळवून दिलीं. त्यांच्या श्रमाला व्यवसाय म्हणून नांव मिळालें, ही त्या ओळखपत्रामागची खरी गोष्ट. पुढें २००७ मध्यें ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था नोंदली गेली आणि २००८ पासून पुणें महानगरपालिकेशीं करार करून तिच्या सभासद घरोघरचा कचरा उचलूं लागल्या.

या स्त्रियांच्या संस्थेनें काढलेल्या एका वस्तूचा मुद्दाम उल्लेख करतों. जुन्या वर्तमानपत्राची एक साधी पिशवी. स्त्रियांच्या मासिक पाळीच्या वेळचे वापरलेले घडीकापड—ज्याला आपण पॅड म्हणतों—तें उघडेंच कचऱ्यांत टाकलें जातें आणि कचरा वेंचणारीला तें हातानें निवडावें लागतें. तें गुंडाळून बांधून टाकतां यावें यासाठीं ही पिशवी. २०१३ मध्यें या स्त्रियांनीं वापरलेले पॅड तें विकणाऱ्या कंपन्यांकडेच परत धाडण्याची मोहीम काढली होती. मालाबरोबर त्याच्या कचऱ्याचीही जबाबदारी विकणाऱ्यानें घ्यावी, असें त्यांचें म्हणणें होतें. ती पिशवी मला जुन्नरच्या घोटीव तावाची बहीण वाटते. जुना कागदी कारकुनाची अडचण ओळखून ताव घोटीत होता. येथें कचरा उचलणारीनें स्वतःचीच अडचण ओळखून पिशवी काढली. रद्दीपासून काय करतां येईल असा प्रश्न येथें आधीं आला नाहीं. कोणाचें काय अडलें आहे हा आधीं आला. म्हणून या मालाला काम आहे, आणि ज्याला काम आहे त्याला गिऱ्हाईक मिळतें.

आतां ज्यांना अशा मंडळांना साह्य करावयाचें आहे त्यांनीं या इतिहासांतून काय घ्यावें? पहिली गोष्ट, वस्तु करण्याआधीं ती कोण आणि कशासाठीं घेईल हें त्या मंडळींबरोबर बसून ठरवावें. दुसरी, माप आणि प्रत ठरवून ती मोडूं देऊं नये. शंभर पिशव्यांच्या गठ्ठ्यांत शंभरच निघाल्या पाहिजेत, आणि शेवटची पहिलीसारखीच निघाली पाहिजे. तिसरी, मालावर करणाऱ्यांचें नांव असावें. जुन्नरी कागदाला जुन्नरचें नांव होतें, वर्ध्याच्या पुढाऱ्याचें नव्हतें. साह्य करणाऱ्यानें आपल्या संस्थेचें नांव मोठें आणि कारागिरांचें लहान छापलें, तर उद्यां ती संस्था गेली कीं मालाचें नांवही जाईल. आणि चौथी गोष्ट, भावांत मजुरी उघड धरावी. मजुरी कापून स्वस्त केलेला माल तुरुंगाच्या कागदाच्या वाटेनें जातो.

बाकीचें साह्य आपल्यासारख्या घरांनीं करावयाचें आहे, आणि त्याला पैसा फारसा लागत नाहीं. भिजलेला, खरकट्यांत मिसळलेला कागद कागदाच्याही कामाचा राहत नाहीं. आपण घरांत ओला आणि सुका कचरा निराळा ठेवला तर कारागिराचें निम्मे धुणें आपणच वांचविलें असें होतें. त्याचा माल घ्यावा तो दयेनें घेऊं नये. दयेनें घेतलेली वस्तु कपाटांत पडून राहते आणि पुन्हां कोणी घेत नाहीं. काम असेल तर घ्यावी, वापरावी, आणि उणीव दिसली तर करणाऱ्याला स्वच्छ शब्दांत सांगावी. पिशवीचा तळ सुटतो, कागदावर शाई फुटते, वहीची शिवण उसवते, असें सांगणारें गिऱ्हाईक जुन्नरला शेवटच्या दिवसांत भेटलें असतें, तर कदाचित् कुकडीच्या कांठीं आजही कोणी ताव उचलीत बसला असता.